‘काही सापडलं नाही’ या अहवालानंतर: फ्रीडराइख अटॅक्सियाचं एक प्रकरण

२०२४ चा जुलै. तीन दिवसांपासून झड लागलेली. माझ्या दवाखान्यात शहाबादी फरशी आहे आणि पावसाळ्यात ती पेशंटच्या ओल्या पायांनी भरून जाते; मावशी दर अर्ध्या तासाने पोतेरं फिरवतात. ती मुलगी आत आली तेव्हा फरशी नुकतीच पुसून झाली होती. चपला बाहेर काढलेल्या, एक हात आजीच्या खांद्यावर, दुसरा भिंतीला. अशी ती स्टुलापर्यंत आली आणि मागे फरशीवर पावलं उमटली: टाच, मग एकदम चवडा आणि बोटं. मधला भाग कोरा. पावलं एकमेकांपासून लांब लांब पडलेली, एक पुढे तर एक बाजूला, कुणी अंधारात चाचपत गेल्यासारखी.

मुलगी सतरा वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं गाव, घरी अडीच एकर, पऱ्हाटी आणि तूर. वडील, आई, वडिलांची आई, बावीस वर्षांचा मोठा भाऊ आणि अकरा वर्षांचा धाकटा. (ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत, लिहायला घरच्यांची परवानगी आहे.)

मी तिला ओळखत होतो, हे आधी सांगून टाकतो. २०२१ च्या दिवाळीनंतर हीच मुलगी माझ्याकडे आली होती. धुऱ्यावरून चालताना तोल जाऊन पडली, गुडघा फुटला, आणि ‘चालताना झोक जातो’ अशी तक्रार. घर माळकरी, मांस-मच्छी वर्ज्य, दूधही बेताचंच. हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी. मी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. ओपीडीत त्या दिवशी ऐंशीच्या वर पेशंट होते. रिफ्लेक्स बघायची रबरी हातोडी टेबलाच्या खणात बीपीच्या पट्ट्याखाली होती. ती मी काढली नाही.

बी-१२ चं निदान अगदीच मूर्खपणाचं नव्हतं. बी-१२ च्या कमतरतेतही पाठीच्या कण्यातल्या मागच्या दोऱ्या बिघडतात, पायाखालची जमीन कळेनाशी होते, तोल जातो. पण अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा असतो: पातळी भरून आल्यावर मुलगी सुधारली का? पातळी भरून आली, मुलगी खालावत गेली, आणि तोवर घरच्यांनी माझा नाद सोडून दुसरी दारं धरली होती.

त्या तीन वर्षांचा हिशेब त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. मेंदूचा एमआरआय, नॉर्मल. कमरेचा एमआरआय, नॉर्मल. पावलाची कमान उंच म्हणून एका ठिकाणी शस्त्रक्रियेचा सल्ला. एका ठिकाणी ‘मानसिक’ असा शेरा. आणि सगळ्यात तळाशी, घडी घालून ठेवलेला अकरा पानांचा जनुकीय अहवाल, २०२३ चा: एक्झोम तपासणी. कापूस विकून आलेल्या पैशातले बावीस हजार त्यात गेले होते. पहिल्याच पानावर जाड ठशात लिहिलं होतं की लक्षणांशी जुळणारा रोगकारक बदल आढळला नाही.

वडील म्हणाले, “साहेब, आता तं रक्तातही काही निंघालं नाही. मंग हे हाय तरी काय?”

या वेळी हातोडी काढली. पाय लोंबकळते ठेवून गुडघ्याखाली ठोकलं. काही नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायला लावली आणि पुन्हा ठोकलं. लक्ष दुसरीकडे गेलं की दबलेला झटका वर येतो. तरीही पाय ढिम्म. घोट्यालाही तेच. मग किल्लीच्या टोकाने तळव्यावर कडेने रेघ ओढली, आणि अंगठा सावकाश वर गेला.

या दोन खुणा एका माणसात सहसा भेटत नाहीत. झटका गेला म्हणजे पायाकडून कण्याकडे जाणारी वायर तुटली. अंगठा वर गेला म्हणजे मेंदूकडून खाली येणारी. दोन्ही एकदम बिघडवणारे आजार मोजके आहेत, आणि सतरा वर्षांच्या मुलीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवला, कळला नाही. घोट्यावर कळला नाही. गुडघ्याच्या वाटीवर “आता थोडं गुरगुरते” म्हणाली. बोलणं तुटक, एकेक अक्षर सुटं पडणारं. पुढे वाकायला सांगितलं तर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आली. ओढणी उजव्या खांद्यावरून सारखी घसरते ती का, हे तिच्या आईला तेव्हा कळलं.

पण सगळ्यात नेमकी खूण आजीने सांगितली, आणि तीसुद्धा तक्रार म्हणून नाही. मी विचारलं, घरात कशी चालते? आजी म्हणाली, “चालते जी भिंतीभिंतीनं. तोंड मात्र मोरीत बसूनच धुते. उभी राहून डोयाले साबन लावलं का पडलीच समजा.”

पाय कुठे आहेत हे पायांकडून कळत नसेल, तर माणूस ते डोळ्यांनी बघून चालतो. डोळे मिटले की आधार गेला. कॉलेजात याला रोम्बर्गची चाचणी म्हणतात, पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला सांगतात. आजीने ती मोरीत रोज पाहिली होती. मुलीची चपल वाटेत निसटते आणि ती तशीच पुढे जाते, हेही तिनेच सांगितलं.

शेवटी ईसीजी काढला, कारण तो माझ्याच दवाखान्यात निघतो. छातीत कधी दुखलं नव्हतं, दम नव्हता. पण पट्टीवर टी-लहरी खालच्या आणि डाव्या बाजूच्या लीडमध्ये उलट्या पडलेल्या. सतरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाने अशी पट्टी काढायला नको.

उंच कमान, वाकडा कणा, मुका गुडघा, वर जाणारा अंगठा, अडखळती जीभ, उलटी टी-लहर. हे चित्र दीडशे वर्षं जुनं आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी ते १८६३ मध्ये लिहून ठेवलं, म्हणून फ्रीडराइख अटॅक्सिया; अटॅक्सिया म्हणजे हालचालीतला तोल आणि ताळमेळ जाणं. गंमत अशी की गुडघा ठोकून बघायची पद्धत तेव्हा नव्हतीच. ती एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ मध्ये वेगवेगळी मांडली. तळव्याची रेघ बाबिन्स्की यांची, १८९६ ची. आणि आजाराचं जनुक सापडलं ते बरोबर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये.

मग २०२३ च्या अकरा पानांत ते का नव्हतं?

अहवाल मी त्या रात्री घरी नेऊन शेवटपर्यंत वाचला. दहाव्या पानावर, मर्यादांच्या बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: या पद्धतीत पुनरावृत्तीचे विस्तार ओळखले जात नाहीत. प्रयोगशाळेने काही लपवलं नव्हतं. फक्त ते वाक्य दहाव्या पानावर होतं आणि ‘आढळला नाही’ पहिल्या.

एक्झोम म्हणजे काय, तर आपल्या जनुकसंचातला जेवढा भाग प्रथिनं बनवायच्या कामी येतो तेवढाच वाचणं. सगळा संच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. त्यातला हा भाग शंभरात जेमतेम एक-दोन. बहुतेक ज्ञात बिघाड याच भागात सापडतात म्हणून तपासणी उपयोगी, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण फ्रीडराइख अटॅक्सियाचा बिघाड ९ व्या गुणसूत्रावरच्या एफएक्सएन या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये असतो. इंट्रॉन म्हणजे प्रथिन बनवताना कापून टाकला जाणारा मधला मजकूर. एक्झोम तिकडे बघतच नाही.

बघितलं असतं तरी अडचण होती. तिथे जी-ए-ए ही तीन अक्षरं ओळीने येतात. निरोगी माणसात ती ३३ पेक्षा कमी वेळा असतात, बहुतेकांत दहाच्या आसपास. आजारात हीच तीन अक्षरं ६६ पासून हजाराच्याही वर जातात; नेहमीचा आकडा सहाशे ते नऊशे. आता ही यंत्रं मजकूर सलग वाचत नाहीत, दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे करून वाचतात आणि मग जुळवतात. लुगड्याचा काठ डोळ्यासमोर आणा. काठावर एकच नक्षी सारखी येते. कुणी तो काठ वीतवीतभर कापून तुकड्यांचा ढीग तुमच्यापुढे टाकला, तर लुगडं पाचवारी होतं की नऊवारी, सांगाल? प्रत्येक तुकडा सारखाच. आता संपूर्ण जनुकसंच वाचून खास सॉफ्टवेअरने असे विस्तार हुडकता येतात, लांब तुकडे वाचणारी यंत्रंही आली आहेत, पण २०२३ मध्ये या कुटुंबाला विकली गेलेली तपासणी ती नव्हती.

अहवालात आणखी एक ओळ होती आणि तिने नुकसान केलं होतं. एका भलत्याच जनुकात, एकाच प्रतीत (जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची), ‘अनिश्चित अर्थाचा’ एक अक्षरबदल. जनुकातले बदल पाच पायऱ्यांत मांडतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. अनिश्चित म्हणजे मधली पायरी. आपल्या प्रत्येकात असे बदल असतात. पण कुणीतरी आईला सांगितलं होतं की ‘तुमच्याकडून काहीतरी आलं आहे’. तो बदल खरंच आईकडून आला होता की नाही, हे तपासलंही नव्हतं. घरात दीड वर्ष त्यावरून धुसफूस चालू होती. आई माझ्याकडे आली तेव्हा दाराजवळच उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही.

वंशावळ

फ्रीडराइखचा आजार दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय होत नाही. म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एकेक यायला हवी. असे आजार आपल्याकडे विचारताना पहिला प्रश्न नात्यातल्या लग्नाचा.

“सोयरीक नात्यातली का?”

“हो जी, मामाचीच पोरगी केली,” वडिलांनी सरळ सांगितलं. आपल्याकडे मामाची मुलगी करणं ही लपवायची गोष्ट नाही, उलट हक्काची. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे आजीच्या भावाची.

दुसरा प्रश्न: घराण्यात आणखी कुणाला असं काही? तिघांनी एकदम उत्तर दिलं: “नाही.” इतकं एकदम आलेलं ‘नाही’ मी लिहून घेतो आणि बाजूला ठेवतो.

औषधाच्या कंपनीने दिलेल्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर मी वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, पेशंटला बाण. आजी लक्ष देऊन बघत होती. तिच्या नावाच्या गोलाशेजारी मी तिच्या भावंडांची संख्या विचारली तेव्हा ती म्हणाली, दोघंच, मी आणि हिचा आबा. (आबा म्हणजे पेशंटच्या आईचे वडील.)

दुसऱ्या खेपेलाही दोघंच. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, आजी एकटी आली. नातीचा रिपोर्ट विचारायला आले म्हणाली. रिपोर्ट यायला अवकाश आहे हे तिला माहीत होतं. थोडा वेळ बीपी दाखवत बसली. मग म्हणाली:

“माहा एक लहाना भाऊ होता. असाच चाले. लोकं म्हनत, पेऊन आहे. त्यानं जल्मात थेंब नाही घेतला बाप्पा. बापानं त्याले दारूपाई मारलं, दारू नसताना.”

पुढे तो उठेनासा झाला. खाटेवर बसून वाती वळायचा, मग त्याही हातातून निसटू लागल्या. तिशीच्या आत गेला. “बसल्या जागी मान टाकली. छातीत धरलं म्हने.”

इतके दिवस का नाही सांगितलंत, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. “घरात लगनाचं पोट्टं हाय, जी. असं काई निंघालं तं कोन देईन पोरगी?”

तिच्या आईवडिलांचं लग्नही नात्यातलंच होतं, हे मग ओघात आलं. दुहेरी रेघ आता दोन पिढ्यांवर. वडिलांकडचा आणि आईकडचा बिघाड बहुधा एकाच पूर्वजाकडून, दोन वाटांनी खाली येऊन या मुलीत भेटला होता. बावीस हजारांच्या तपासणीत जे नव्हतं ते आजीच्या पदराखाली होतं. पण ते बाहेर यायला तीन खेपा लागल्या, आणि तिसऱ्या खेपेला खोलीत दुसरं कुणी नसावं लागलं. लेकासमोर, सुनेसमोर तिने ते सांगितलं नसतं. मी विचारायला चुकलो ते इथे: वंशावळ सगळ्यांना एकत्र बसवून काढायची नसते.

रक्त कुठलं आणि आधी काय

थेट जी-ए-ए मोजायची तपासणी मागवता आली असती. त्याआधी मी एक वेगळी तपासणी केली, आणि कुणी असा पेशंट बघत असेल तर त्यानेही आधी तीच करावी असं मला वाटतं. जीवनसत्त्व ‘ई’ ची पातळी.

फ्रीडराइखसारखाच दिसणारा एक आजार आहे. त्यात ८ व्या गुणसूत्रावरच्या टीटीपीए जनुकात बिघाड असतो आणि यकृताला जीवनसत्त्व ‘ई’ रक्तात पुढे पाठवता येत नाही. खाण्यात पुरेसं असूनही पातळी तळाला. तोही दोन्हीकडून येणारा, तोही पोरवयात सुरू होणारा, गुडघा तिथेही मुका. फरक इतकाच की त्याला औषध आहे: मोठ्या मात्रेत ‘ई’ च्या कॅप्सूल, आयुष्यभर. आजार थांबतो, लवकर सापडला तर थोडा मागेही फिरतो. दुर्मीळ आहे, पण तो सुटला तर आपल्याला क्षमा नाही. त्याच बैठकीत उपाशीपोटी कोलेस्टेरॉल आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून पेशींचा आकार बघणं) केला, कारण चरबी वाहून नेणारं प्रथिनच नसलेला आणखी एक आजार असाच दिसतो. त्यात कोलेस्टेरॉल फार खाली आणि तांबड्या पेशी काटेरी. या दोन्ही तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये काही रुपयांत होतात.

‘ई’ चं रक्त उजेडात खराब होतं. ट्यूबला चांदीचा कागद गुंडाळून, बर्फाच्या डब्यात, आधी यवतमाळ आणि तिथून दीडशे किलोमीटर नागपूर. रिपोर्टची वाट बघताना मी इतक्या मनापासून कुणाला दुसरा आजार असावा अशी इच्छा केल्याचं आठवत नाही.

पातळी नॉर्मल आली. कोलेस्टेरॉल नॉर्मल, पेशी गोल.

मग ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये तीन मिली रक्त, साध्या कुरिअरने, हैदराबादला. या रक्ताला बर्फही लागत नाही. सोबत आईवडिलांचंही. विनंतीच्या फॉर्मवर ‘जनुकीय तपासणी’ असं मोघम न लिहिता एफएक्सएन, जी-ए-ए विस्तार, असं लिहिलं आणि खाली लक्षणं दोन ओळींत. खर्च एक्झोमच्या पाव हिश्शाच्या आत.

साडेचार आठवड्यांनी उत्तर आलं, एका पानाचं. मुलीच्या दोन्ही प्रतींमध्ये विस्तार, एकीत सुमारे ७००, दुसरीत सुमारे ८५०. वडिलांची एक प्रत ९ ची, एक वाढलेली. आईचीही तशीच. बिघाड एकाच पूर्वजाचा असेल तर आकडे सारखे का नाहीत? कारण जी-ए-ए ची ही माळ पिढीतून पिढीत जाताना स्थिर राहत नाही. बापाकडून येताना बहुधा आखडते, आईकडून येताना आखडते किंवा वाढते. शंभरातल्या दोन-चार पेशंटमध्ये एका प्रतीत विस्तार आणि दुसऱ्या प्रतीत साधा अक्षरबदल असतो आणि मग प्रकरण आणखी गुंततं. इथे तसं नव्हतं.

जनुकाचं काम फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन बनवणं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात लोह आणि गंधक यांचे गुच्छ बांधायला ते लागतं. माळ लांबली की जनुक जवळपास मिटून जातं, प्रथिन थोडंच बनतं. ज्या पेशी जास्त ऊर्जा खातात त्या आधी मरतात: लांब संवेदी नसा, लहान मेंदूचा गाभा, हृदयाचा स्नायू, स्वादुपिंड. मुका गुडघा आणि उलटी टी-लहर ही एकाच दुष्काळाची दोन गावं.

सिकलसेलमुळे सोपं झालेलं

समजावून सांगायचा दिवस मी मुद्दाम आशाताई येतील असा धरला. विदर्भात आनुवंशिकतेचा धडा शून्यापासून सुरू करावा लागत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने तो आधीच घरोघरी पोचवला आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक, त्याला स्वतःला काही नाही. ‘एसएस’ म्हणजे पीडित. दोन एएस एकत्र आले की धोका. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तर शाळेच्या पोरांनाही ही अक्षरं पाठ आहेत.

आशाताईंनी माझं अर्धं काम केलं. “हे पाहा, मायबाप दोघंही एएससारखे. दोघाले काही नाही. पन पोरीच्या वाट्याले दोन्हीकडचा खोटा पत्ता आला. दरवेळी पत्ते नव्यानं पिसले जाते. एकाले आला म्हनून दुसऱ्याले येत नाही असंही नाही, अन् येतेच असंही नाही.”

“म्हंजे माह्याकडून एकटीकडून नाही?” आई म्हणाली.

“दोघांकडून अर्धं अर्धं,” मी म्हटलं. “आणि तो जुना रिपोर्ट, तुमच्याकडून आलंय म्हणणारा, त्याचा या आजाराशी काही संबंध नाही.”

त्या दिवशी ती खुर्चीवर बसली.

मोठ्या भावाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण त्याच्यासाठी मामाची मुलगी जवळजवळ ठरलेली होती. तिसऱ्या पिढीतली दुहेरी रेघ. त्याला मी कागदावर हिशेब मांडून दिला. तो निरोगी, म्हणजे ‘दोन्ही खोटे पत्ते’ ही शक्यता बाद. उरलेल्या तीनांतल्या दोनांत तो वाहक, २/३. मामा आईचा सख्खा भाऊ, तो वाहक असण्याची शक्यता १/२, त्याच्या मुलीची १/४. दोघंही वाहक निघाले तर दर बाळाला १/४. गुणाकार केला की १/२४. पोरगा बीएस्सीचा, त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “चोवीसात एक म्हंजे कमी हाय का जास्त?” याचं उत्तर गणितात नाही, असं मी म्हटलं. तपासणीने आकडा बदलेल एवढं सांगितलं.

त्याने तपासणी केली. वाहक निघाला. म्हणजे १/२४ चं १/१६ झालं. तपासणीने धोका वाढला, असं त्याच्या बापाला वाटलं, आणि ते समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. मामाकडे निरोप गेला. मामा भडकले. आमच्या घरात खोट काढता काय, म्हणून बोलणं बंद. पण त्यांची मुलगी, वय वीस, एक दिवस एसटीने एकटी आली, हात पुढे केला आणि म्हणाली, “माहं काढा. कोनाले सांगू नका.” सज्ञान मुलगी, तिचं रक्त, तिचा निर्णय. मी पाठवलं. पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला: दोन्ही प्रती साफ. ही सोयरीक झाली असती तर त्यांच्या बाळांना या आजाराची भीती नव्हती. तोवर तिची सुपारी दुसऱ्या गावात फुटली होती.

धाकट्याचं रक्त मात्र मी पाठवलं नाही. आईवडिलांनी दोनदा आग्रह केला. लक्षण नसलेल्या लहान मुलाला, थांबवता न येणाऱ्या आजाराचं भविष्य त्याच्या संमतीशिवाय सांगून ठेवायचं नाही, हा साधारण मान्य संकेत आहे आणि मला तो पटतो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं मत उलट आहे: हृदयावर आधीपासून नजर ठेवता येते, मग का नाही? त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आम्ही मधला रस्ता काढला. दर सहा महिन्यांनी त्याचा गुडघा ठोकायचा, डोळे मिटून उभं करायचं, पाठ बघायची. आतापर्यंत गुडघा चांगला उडतो. एकदा माझ्या चष्म्यापर्यंत उडाला.

पुढे

मुलीच्या इकोत हृदयाची भिंत जाड निघाली, पंपिंग अजून चांगलं. वर्षातून एकदा इको, दर सहा महिन्यांनी साखर, कारण या आजारात मधुमेह मागून येऊ शकतो. चपलेऐवजी नाडीचे कॅनव्हासचे बूट. पायातून निसटत नाहीत आणि घोटा धरून ठेवतात. मोरीत बसून तोंड धुणं चालू ठेवायला सांगितलं, फक्त भिंतीला पाइपचा दांडा बसवून घेतला. पाठीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांची पाळी ठरलेली. पावलाची शस्त्रक्रिया तूर्त नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढताना आजाराचं नाव यादीत सापडेना. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातल्या दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत ते बसवलं. चाळीस टक्क्यांच्या वर गेलं, म्हणून बारावीला लेखनिक मिळाला.

औषधाचं विचारतात सगळे. अमेरिकेत २०२३ च्या फेब्रुवारीत ओमाव्हेलोक्सोलोन या कॅप्सूलला मान्यता मिळाली, या आजाराची पहिलीच. सोळा वर्षांवरच्यांसाठी. आजार बरा करत नाही, उतरण थोडी मंदावते. तिथली वर्षाची किंमत ३ लाख ७० हजार डॉलर जाहीर झाली होती, म्हणजे तीन कोटी रुपयांच्या वर. हे मी भावाला सांगितलं, त्याने मोबाइलवर आधीच वाचलं होतं. आम्ही दोघंही त्यावर पुढे काही बोललो नाही.

गेल्या खेपेला आजी पुन्हा सोबत होती. फाइल उघडली तर कॅलेंडरच्या पानावरची वंशावळ वर होती. नातीचा गोल काळा भरलेला. आजीच्या लहान्या भावाचा चौकोन मी तिरक्या रेघेने छेदला होता, वारला म्हणून, पण आत कोरा सोडला होता. त्याला कुणी तपासलं नव्हतं, त्याचं रक्त कुठे नाही. पुरावा नसताना काळं करणं मला बरोबर वाटलं नव्हतं.

“हा काहून पांढरा?” आजीने बोट ठेवलं.

मी कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण बोट उचललं नाही. मग मी पेन काढून तो चौकोन भरला आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: कुटुंबाच्या सांगण्यावरून.

जाताना तिने त्या पानाची झेरॉक्स मागितली. कशाला, विचारलं तर म्हणाली, “त्याले पेताड म्हननारा एक बुढा जित्ता हाय अजून गावात.”